हॉल दोन

पहाटे पावणेतीनला मी त्याला सर्व्हरवर सोडलं,
वारज्याच्या तिसऱ्या मजल्यावरून.
खाली एक कुत्रं कचरापेटीत डोकं घालून
आपापलं काहीतरी शोधत होतं.
फोनवर रेवती खळदकर म्हणाली, नाव काय ठेवलंस?
नाव नाही ठेवलं.
कार्यालयाच्या दारात उभा राहून
'मुलीकडचे डावीकडे' सांगणाऱ्याचं नाव
कुणी विचारतं का?

तीनच शब्द शिकवले होते त्याला:
सुरू. उशिरा. रद्द.
आणि अडलंनडलं तर एक वाक्य,
'समजलं नाही. कृपया हॉल क्रमांक लिहा.'

सकाळी कर्वेनगरच्या कॉलेजात
खांबाखांबावर ठिपक्यांचे चौकोन लावले,
चिकटपट्टी दातांनी तोडत.
साडेनऊपर्यंत चारशे बारा माणसं त्याच्याशी बोलत होती
आणि माझ्याशी कुणीच नाही.
बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

उद्घाटनाचे पाहुणे चांदणी चौकात अडकले.
पंधरा मिनिटे उशिरा.
आणखी पंधरा.
मग मी आकडाच काढून टाकला, नुसतं 'उशिरा' ठेवलं,
आणि अख्ख्या सभागृहाचे खिसे थरथरले,
कढईत शेंगदाणे तडतडायच्या आधी
हलतात ना जरासे, तसे.

लोक काय काय विचारतात.
भाजीत कांदा-लसूण आहे का.
सी टाइप चार्जर कुणाकडे.
अकराचं सत्र खरंच नवशिक्यांसाठी आहे
की नुसतं म्हणायला.
निळ्या टोपीवाली कोण.
समजलं नाही. कृपया हॉल क्रमांक लिहा.
एकाने लिहिलं, मार्चपासून नोकरी नाही, इथे कुणाला भेटू?
त्यालाही तेच गेलं, सव्वाअकराला, अर्ध्या सेकंदात.
मी तेव्हा प्रोजेक्टरची वायर
धरून उभी होते. सोडली की पडदा निळा व्हायचा.

बारा चाळीसला मिरजेहून तन्वीर मुजावरचा फोन.
अब्बांना आत घेतलंय. येत नाही.
एवढंच, आणि मागे कुणीतरी स्ट्रेचरला वाट मागत होतं.
तीन वाजता, हॉल दोन, त्याचं पहिलंवहिलं भाषण.
महिनाभर ऑफिसच्या जिन्यात उभा राहून
त्याने ते पायऱ्यांना ऐकवलं होतं.

तक्त्यात कारणाची चौकट नाही.
रेवतीने विचारलं होतं, ठेवायची का?
मीच म्हणाले होते, कारणं कोण वाचतंय.

'रद्द' लिहिलं.
बोट एंटरवर नेलं. परत आणलं.
चहाचा कप उगीच सरळ केला.
मग दाबलं.
सात जणांनी अंगठे पाठवले.
लवकर चहा मिळाल्याचे असतील.

तीन वाजता हॉल दोनच्या दाराशी तिघे-चौघे आले,
मोबाईल बघून वळले.
एक बाई मात्र आत जाऊन बसली,
डबा उघडला, पोळीचा रोल खाल्ला,
रिकाम्या व्यासपीठाकडे बघत,
आणि बरोबर पावणेचारला उठली.

रात्री घरी बसून लॉग वाचते आहे.
एक हजार नऊशे सहा प्रश्न.
मुजावरचा फोन बंद येतोय.
मार्चपासूनवाल्याला मी आता स्वतः लिहिलंय,
हॅलो, मी माणूस आहे.
अजून एकच टिक.

सगळ्यात खाली, नऊ बावन्नला,
गेटवरचे खंडू ढेबे.
त्यांनीही खांबावरचा चौकोन उघडला असणार.

सगळी गेली का
– समजलं नाही. कृपया हॉल क्रमांक लिहा.
२
– हॉल दोनमध्ये आज पुढे काही नाही.
बरं मग दिवे मालवतो
– समजलं नाही. कृपया हॉल क्रमांक लिहा.
२ च. सांगितलं की.